हजार मीटरच्या वर

गुरुवारी सकाळी लिफ्टमध्ये हार्मसेनबाई रोमेडला ‘तू’ म्हणाल्या. “शनिवारी मोकळा आहेस ना तू? बर्फ झकास पडलाय,” एवढंच म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावर उतरल्या आणि हातातला कॉफीचा कप सांभाळत आपल्या खोलीकडे चालत्या झाल्या. “बघू,” असं रोमेड त्यांच्या पाठीला म्हणाला. दार बंद झालं, लिफ्ट पाचव्यापर्यंत गेली, पुन्हा तळाला आली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपल्यालाही तिसऱ्यावरच उतरायचं होतं. इन्सब्रुक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरही उंच नाही, आणि ‘तू’ला मोकळीक हजाराच्या वर. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण इथल्या तिरोल प्रांतातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हजार मीटरची रेघ ओलांडली की डॉक्टर, मास्तर, मंत्री, पाद्री सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, कारण कड्यावर लोंबकळणाऱ्याला हुद्दा विचारत बसायला वेळ नसतो. आणि खाली उतरलं की सगळे मुकाट्याने ‘तुम्ही’वर येतात, वरची सलगी वरच ठेवून. हार्मसेनबाई मूळच्या हॅम्बुर्गच्या, सपाट मुलखातल्या, लग्न करून इथे आलेल्या. बाहेरून आलेली माणसं गावच्या रीती गावकऱ्यांपेक्षा कडक पाळतात, तशा त्या पाळायच्या. ऑफिसच्या वार्षिक सहलीत वर कोणाच्या तोंडून चुकून ‘तुम्ही’ गेलं की त्याने खानावळीत सगळ्यांना श्नॅप्स, इथली कडक दारू, पाजायची, हा दंड त्यांनीच घातलेला. आणि खाली, ऑफिसात, पुलांच्या नकाशावर सही करताना त्यांनी रोमेडला कधी आडनावाने, ‘थ्योनी, तुम्ही’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. रोमेड पुलांचे नकाशे काढायचा, त्या सही करायच्या. सही झाली की तो पूल उभा राहायचा. इतक्या वर्षांत त्यांची सही चुकलेली त्याने पाहिली नव्हती आणि म्हणूनच ते ‘तू’ त्याला दिवसभर दातात अडकलेल्या काडीसारखं टोचत राहिलं.

“म्हणजे तुला बढती मिळणार,” संध्याकाळी त्याची बायको मेना म्हणाली. ती बटाटे कुस्करत होती. “किंवा बाई तुझ्या प्रेमात पडल्यात. दोन्हीपैकी एक.” “काहीतरीच तुझं. नवरा जाऊन चार महिने नाही झाले त्यांचा.” “अरे हो, गेबहार्ड.” मेना थांबली. गेबहार्डला सगळे ओळखत. उंच, सावकाश बोलणारा, ऑफिसच्या दर सहलीला बाईंच्या मागे दहा पावलं चालणारा माणूस. शरद ऋतूत आजाराने गेला. “मग तू काय म्हणालास त्यांना?” “बघू म्हणालो.” मेना हसली ती हसतच राहिली. “म्हणजे ‘नको’ म्हणालास. आणि हॅम्बुर्गच्या बाईला ते कळलं असणार, होय ना?” मेनाचं खरं होतं. त्याच्या घरात ‘बघू’ म्हणजे नको, आणि नुसत्या त्याच्या घरात नाही, सबंध दरीत. लहानपणी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर हिवाळाभर पाहुणे असत, उत्तरेकडून स्कीइंगला आलेले. हंगाम सुरू झाला की रोमेड आणि त्याची बहीण आपल्या गाद्या उचलून तळघरात जात, बॉयलरच्या शेजारी, आणि त्यांच्या खोल्यांत परकी माणसं झोपत. हंगामात ‘नाही’ हा शब्द घरात वर्ज्य होता. पाहुण्यांना रात्री अंडी हवी असली, आईचा स्वयंपाकघरातला रेडिओ हवा असला, सकाळी पाचला आंघोळीला गरम पाणी हवं असलं, तर आई हसून म्हणायची, “बघू या हं”, आणि गावातला माणूस असता तर तेवढ्यावर समजून गेला असता. पाहुणे समजत नसत. ते वाट पाहत. मग आई अंडी करी. वडील तर पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या पोरालाही ‘तुम्ही’ म्हणत आणि त्याच्या स्कीजचे पट्टे गुडघ्यावर बसून बांधून देत. त्या गुडघ्यावर बसलेल्या पाठीकडे बघायला रोमेडला आवडत नसे, पण आपण स्वतः ऑफिसात उभ्याउभ्या तसेच बसलेले असतो हेही त्याला कळत होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. शुक्रवारी बाई त्याच्या टेबलापाशी आल्या. पुन्हा जशाच्या तशा. “थ्योनी, उद्या सहाला तुमच्या दाराशी येते मी.” ‘बघू’चा ‘हो’ झालेला होता. ‘तू’ कुठे गेलं होतं कोण जाणे. ते आपण ऐकलं की आपल्याला ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं, असा एक नवाच प्रश्न त्याच्यापुढे आला आणि तो घेऊनच तो झोपला.

शनिवारी सकाळी गाडी दरीत वळली, खालचं धुकं संपलं, रस्त्याच्या कडेच्या छोट्या देवळापाशी बाई नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवून ओरडल्या, “हजार! आता तू आणि मी.” आणि लगेच मोकळ्या झाल्या, बुटांच्या नाड्या सैल कराव्यात तशा. वेळ भरभर गेला, त्याच बोलत होत्या. पहाटेच्या हिमप्रपाताच्या सूचनेत धोक्याचा आकडा तीन होता, पाचापैकी तीन. उत्तरेच्या उतारांवर वाऱ्याने लोटून आणलेला बर्फ आहे, खालच्या थराशी त्याचं जमलेलं नाही, एका माणसाच्या वजनानेही तुटेल. “तीन म्हणजे सगळे जातात,” बाई म्हणाल्या. “तीनला घरी बसायचं तर इथे राहायचं कशाला?” मग थोडं थांबून, समोर रस्त्याकडे बघत: “आमच्यात वाटणी होती, रोमेड. जायचं काम माझं. ‘नको’ म्हणायचं काम गेबहार्डचं. तीस वर्षं. मी कधी विचारच नाही केला वर गेल्यावर. तो मागून म्हणायचा, ‘वीबके, नको’, की मी चिडायचे आणि वळायचे. सबंध उतार शिव्या घालायचे त्याला.” त्या हसल्या. “तेव्हा तुला काही वाटलं तर बोल हं. कारण नाही विचारणार. एक ‘नको’ पुरे.” रोमेड “हो” म्हणाला. गाडीचं हीटर पायांवर गरम हवा सोडत होतं आणि तरी त्याचे पाय गार पडले. शहरात ते ‘तू’ का निसटलं हे त्याला आता कळलं. त्याला बढती मिळालेली नव्हती. मेलेल्या माणसाच्या जागेवर त्याची नेमणूक झाली होती, आणि काम नेमकं ते दिलं होतं जे त्याला जन्मात कधी जमलं नाही. तेही तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘बाई, मला नको म्हणता येत नाही,’ असं. पण तेही एक प्रकारचं नको म्हणणंच झालं असतं.

चढणीला दोघं बरी चालली. स्प्लिटबोर्ड ही चीजच मजेची आहे: बर्फावर घसरायची एक रुंद फळी, ती मधोमध उभी सुटते, दोन पायांत दोन अर्ध्या घालायच्या, तळाला कातडी चिकटवायची म्हणजे मागे घसरत नाही, आणि स्कीवाल्यांसारखं चालत वर जायचं, माथ्यावर कातडी सोलायची, अर्ध्या जोडायच्या आणि एका फळीवर आडवं उभं राहून खाली यायचं. ऑफिसातले लोक म्हणायचे, लग्नाच्या उलट, चढताना वेगळे आणि उतरताना एकत्र. बाईंनी गाडीपाशीच दोघांच्या छातीवरची, बर्फाखाली गाडलेल्याचा माग लावणारी शोधयंत्रं तपासली होती, फोन बंद करायला लावले होते, कारण फोन चालू असला की यंत्र बावचळतं. सगळं काटेकोर. त्या पुढे, हा मागे. पाइनची झाडं संपली आणि डोंगराच्या धारेच्या अलीकडच्या सपाटीवर एक आवाज झाला. व्हुम्. खालचा कच्चा थर मोडून पायाखालचा बर्फ बोटभर खाली बसला आणि तो आवाज दूरवर पळत गेला. बाई थांबल्या, वळल्या, चेहरा उजळलेला. “ऐकलंस?” “हो.” “सपाटीवर आहोत म्हणून बरं.” आणि पुढे चालू लागल्या. रोमेड तिथेच क्षणभर उभा राहिला. तळघरात अंथरुणात पडलं की वरून असाच आवाज यायचा, पाहुणे गाद्या खाली ओढून पोरांसाठी जमिनीवर टाकत तेव्हा, त्याच्याच खोलीत. आणि तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असायचा, आता आपल्या कपाटाला कोणी हात लावतंय का, आपली लाकडी माणसं कोणी घेतंय का, आणि वर जाऊन ‘ते माझं आहे’ म्हणता येत नाही म्हणून बहिणीचा हात धरून झोपायचा. छत आणि जमीन यांचा आवाज सारखाच असतो. आता ‘नको’ म्हणायला हरकत नव्हती. आवाजानेच सांगितलं होतं. त्याने नुसतं भाषांतर करायचं होतं. पण ते तर धारेने चालले होते, धार सुरक्षित होती, उतरायचंही धारेनेच असं ठरलं होतं, मग आत्ताच कशाला? वर गेल्यावर बघू. हा ‘बघू’ त्याने स्वतःलाच म्हटला आणि स्वतःलाही तो नीट कळला नाही.

डोंगराच्या खांद्यावर पोचले तेव्हा ऊन होतं. माथ्याच्या जरा खाली जागा रुंद आहे, एका मोठ्या खडकाच्या आडोशाने, तिथे वारा लागत नाही. बाईंनी हात पुढे केला, त्याने हातमोजा काढून हातात हात दिला, पोचल्यावर देतात तसा, आणि दोघांनी चहा घेतला, राई ब्रेडवर डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या खाल्ल्या. मग बाई उठून उत्तरेच्या कडेशी गेल्या आणि बघत राहिल्या. खाली खोलगट उतार पसरला होता, भिंतीसारखा उभा नाही पण जिन्याहून बराच उभा, वरच्या कडेला वाऱ्याने फुगवलेला, आणि त्याच्यावर एकही रेघ नव्हती. खाली वाटीसारखी जागा, डावीकडे खडकाची एक सोंड. “रोमेड, इकडे ये. हे बघ.” तो गेला. त्याने पाहिलं. त्याला उताराचा फुगवटा दिसला, लाकडावर रंगाचा थर फुगतो तसा. “गेबहार्डने मला इथून कधी जाऊ दिलं नाही,” बाई म्हणाल्या, अगदी हळू. “एकदाही नाही. मी दर वर्षी विचारायचे.” आणि त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या विचारत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्याला विचारत होत्या, आणि तीस वर्षांच्या सवयीने उत्तराची वाट पाहत होत्या, चिडायला तयार होऊन. “बघू,” रोमेड म्हणाला. त्याने ते आईसारखं म्हटलं, शेवट लांबवून, मान किंचित वाकडी करून. गावातलं शेंबडं पोरसुद्धा समजलं असतं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी ढिलं पडलं. सुटका की निराशा, ते त्याला सांगता आलं नाही. “बघू काय, बघच तू आता!” त्या म्हणाल्या आणि कातडी सोलायला लागल्या. फळीचे दोन भाग खटकन जुळले. “मी आधी. खाली त्या सोंडेमागे जाऊन उभी राहते, मग तू. एकेकट्याने.” पट्टे बांधले, चष्मा खाली ओढला, कडेवर सरकल्या. आणि तेव्हा रोमेड एकदम धावत दोन पावलं पुढे आला आणि सगळ्या ताकदीने ओरडला, “थांबा!”

बाई वळल्या. चष्म्याखाली त्यांचं तोंड हसलं. त्यांनी हातमोज्यातलं बोट वर केलं आणि नाचवलं. “थांबा? *थांबा?* हजाराच्या वर? एक श्नॅप्स झाली तुझ्यावर!” आणि गेल्या.

ते एक ‘आ’ नसतं तर. नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तर. पुढचा सगळा वेळ रोमेड हेच म्हणत राहिला, आणि तरी त्याला हेही ठाऊक होतं की तसं म्हटलं असतं तर ते थट्टेत गेलं नसतं, खरं ठरलं असतं, आणि खरं ठरण्याचीच त्याला भीती होती. बाई उतरत होत्या. छान उतरत होत्या, पन्नाशी उलटलेली बाई, मोठाले वळसे, मागे बर्फाचा पिसारा. तो एकेका वळशाबरोबर दात आवळत होता. उतार गप्प होता. मधल्या फुगवट्यावरून त्या गेल्या, उतार गप्प. पार वाटीत पोचल्या आणि रोमेडने धरून ठेवलेला श्वास सोडला. आता डावीकडे, सोंडेमागे. पण त्या डावीकडे गेल्या नाहीत. बरोबर मधोमध, सबंध उताराच्या पायथ्याशी थांबल्या, पाठपिशवीतून गेबहार्डचा जुना कॅमेरा काढला आणि वर रोखला. त्याचा फोटो काढायला. त्याने हात हलवला, डावीकडे, डावीकडे! त्यांनीही हात हलवला. त्याने दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं केलं, बाजूला व्हा. त्यांनी दोन्ही हात वर करून उड्या मारल्या. त्याने डोक्यावर हातांची फुली केली. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आता तो निघाला आणि उतार तुटला, तर सगळं त्यांच्या अंगावर जाणार. नाही निघाला, तर त्या तिथेच उभ्या राहणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत आपण नाही, दुसरंच कोणीतरी पडणार, हा अन्याय त्याला असा झोंबला की तो बर्फात बसला. धारेने मागे फिरावं? तो दिसेनासा झाला की त्यांना वाटणार, दुसऱ्या बाजूने पडला. ओरडावं? त्याने ओरडून पाहिलं, “नको! नको!” पहिल्यांदाच, मोठ्याने, स्पष्ट, आणि वाऱ्याने ते उचलून माथ्यापलीकडे टाकलं. खालून बारीक आवाज आला, “काऽऽय?” त्याने फोन चालू केला, त्यांना लावला. बंद. काटेकोर बाई. बचावपथकाला लावायचा तर सांगायचं काय? की एक बाई ठणठणीत उभी आहे आणि मला बोलता येत नाही? त्याने मेनाला लावला.

“काय रे? कुठे आहेस?” “वर.” “मग?” “काही नाही.” “काही नाही म्हणून कोणी वरून फोन करतं का? इथे गरम वारा सुटलाय बघ, खिडक्या वाजतायत, माझं डोकं धरलंय.” तो वारा अजून वरपर्यंत आला नव्हता, येणार होता, आणि आला की बर्फ आणखी सैल होणार होता. पलीकडे पाणी बंद केल्याचा आवाज आला. “रोमेड. तू तिला ‘बघू’ म्हणालास ना?” “हो.” “अरे देवा. कुठे आहे ती?” “खाली. उताराखाली.” “आणि तू वर. मग तिथे नको थांबू म्हणून सांग ना तिला, बाजूला हो म्हणावं.” “ऐकू जात नाही.” “ऐकू जात होतं तेव्हा काय करत होतास?” हे तिने रागाने विचारलं नाही. फोनची बॅटरी थंडीने गेली आणि पडदा काळा झाला, आणि त्याच वेळी खाली बाई वाकून काहीतरी करत असलेल्या त्याला दिसल्या. त्यांनी फळी सोडवली होती. दोन अर्ध्या वेगळ्या करून त्या कातडी चिकटवत होत्या. त्यांना वाटलं होतं, याला काहीतरी झालंय. त्या वर यायला निघाल्या होत्या. धारेने वळसा घालून नव्हे. सरळ, उताराच्या मधून, आपल्याच रेघांवरून.

पाऊण तास तरी लागला असेल. या पाऊण तासात रोमेडने काय केलं असं कोणी पुढे विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बसलो होतो. खाली एक काळा ठिपका तिरका सरकायचा, टोकाला थांबायचा, एक पाय उचलून उलटा फिरवायचा, मग दुसरा, आणि पुन्हा तिरका सरकायचा, वर, फुगवट्याकडे. प्रत्येक वळणाला तो पाय आपटत होता, आणि प्रत्येक आपटण्याला रोमेडचं डोकं तळघरातल्या त्या छताखाली जात होतं. ओरडून आता उपयोग नव्हता, ओरडलं की त्या घाई करायच्या. त्याने दोनदा हात हलवला आणि दोनदा ठिपका जास्त जोरात चालू लागला, म्हणून त्याने हात मांडीखाली घेतले. यंत्र चाचपलं, फावडं काढून शेजारी ठेवलं, मग ते खालून दिसेल म्हणून परत आत घातलं. मधेच तो मोजायला लागला, मग मोजणं सोडलं, प्रार्थना करायला लागला तर आईचं ‘बघू या हं’ एवढंच तोंडात आलं. हळूहळू तो ठिपका माणूस झाला, लाल टोपीचा, वाकलेला, मधूनच छातीवर हात ठेवून उभा राहणारा. किती एवढीशी दिसते ही, असं त्याला वाटलं, आणि मनातल्या मनात आपण पहिल्यांदाच यांना ‘ही’ म्हणालो हे त्याला कळलं. कोणी नाही तिचं. घरी जाऊन ती कोणाला शिव्या घालणार? ती फुगवट्यावर होती. बर्फ कुठेतरी करकरला, की तिचीच काठी करकरली. रोमेडने डोळे मिटले. भित्रेपणाने नव्हे, त्याला वाटलं आपण बघितलं तर आपल्या बघण्याचंही वजन पडेल. डोळे उघडले तेव्हा लाल टोपी कडेवर आली होती आणि धापा टाकत होती.

“कुठे लागलं? पाय? गुडघा?” ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, भुवयांवर बर्फ, गाल पेटलेले. तिने त्याचा बूट दोन्ही हातांत धरला. “बोल ना रे, घाबरवलंस मला.” “पट्टा,” रोमेड म्हणाला. “फळीचा पट्टा बसत नव्हता.” तिने हातमोजे काढले, पट्टा ओढला, दात्यांत सरकवला. कट् कट् कट्. नीट बसला. “बसतोय की.” “हो. आता बसतोय.” ती तशीच मागे टाचांवर टेकली आणि श्वास खाली बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली, रागाने नाही. “खालून तू हलत नव्हतास. गेबहार्ड शेवटी शेवटी असा बसायचा, खिडकीपाशी. हाका मारल्या तरी हलायचा नाही. मला सुचेना. मी वाटेचा विचारच केला नाही, सरळ निघाले.” तिने नाक पुसलं. “मधेच एकदा वाटलं, हा ‘नको’ म्हणतोय की काय. हात फुलीसारखे केलेस ना तू? म्हटलं, म्हणायचं असेल तर माझी काही हरकत नाही. धारेने जाऊ.” मग अगदी साधेपणाने, चहा हवा का विचारावं तसं: “म्हणायचं होतं का?”

उत्तर जिभेवर होतं. ‘हो’ म्हणायला एक अक्षर लागणार होतं, ‘नको’ म्हणायला फार फार तर दोन. समोर तिचे उघडे, लाल झालेले हात होते, त्याच्या बुटाशी. ती त्याच्यासाठी त्या उतारावरून पाऊण तास चढून आली होती, आणि आता ‘हो’ म्हणायचं म्हणजे तू जीव उगाच धोक्यात घातलास, मी वरून बघत होतो, मला माहीत होतं, असं म्हणायचं. ते तर त्याहून अवघड. दर मिनिटाला ते अवघड होत गेलं होतं आणि आता त्याच्या हाताबाहेर गेलं होतं. “छे छे,” रोमेड म्हणाला. “पट्टाच होता.”

“बरं.” ती उठली, गुडघे झटकले, कातडी सोलायला लागली. दक्षिणेकडून पहिली ऊबदार झुळूक आली, खडकावरून एक थेंब टपकला. “मग एकत्रच उतरू. शेजारी शेजारी. म्हणजे तुला एकटं वाटायला नको.” रोमेडने उताराकडे पाहिलं. तिच्या उतरण्याचे वळसे, त्यांना छेदत वर आलेली तिरकी पावलं, इतकं सगळं झेलून तो तसाच फुगून बसला होता. दोघांचं वजन. एकाच वेळी. तो उठून उभा राहिला, फळी कडेशी नेली आणि त्याला एकदम हलकं वाटलं, परीक्षेला न बसायचं ठरवलेल्या पोरासारखं.

“थांब तू इथे,” तो म्हणाला. “मी आधी जातो. मी सोंडेमागे पोचून काठी वर करेन, तोवर हलायचं नाही. आणि मी दिसलो नाही तर धारेने खाली ये, इथून नाही.”

तिने मान वर केली. इतक्या ठामपणे तो कधी बोलला नव्हता. “बघ, कसं छान सांगता येतं तुला,” ती कौतुकाने म्हणाली. “जा. मी आहे इथे.”

रोमेडने पट्टा एकदा चाचपून पाहिला आणि कडेवरून खाली गेला.